गाडी सरळ करत होता

...आणि वर मलाच विचारतो, 'ताई, माझं नेमकं चुकलं काय?' काय चुकलं! तुम्हाला सांगते, अशा वेळी वाटतं की या धाकट्याला लहानपणी दोन रट्टे जास्त घालायला हवे होते. तेव्हा आई मध्ये पडायची, 'असू दे गं, लहान आहे.' आता हा स्वतः बाप झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी आईचं आपलं तेच, असू दे गं! काय असू दे? अहो, जगात कुणाची बायको बाळंत होत नाही का? होते. कुणाचं ऐनवेळी सिझर होत नाही का? हल्ली तर घरोघरी होतं. पण बायकोला तिकडे चाकांच्या पलंगावर घालून पळवत नेताहेत, पोटातल्या जिवाचं काय होणार कुणाला ठाऊक नाही, ती बिचारी मान वळवून वळवून बघतेय, माझा नवरा कुठाय, माझा नवरा कुठाय... आणि नवरा कुठे? तर खाली गाडी सरळ करत होता!

हसू नका. हसू नका म्हणते ना! बरं हसा, मी पण हसले होते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू घशातच राहिलं. आता तुम्ही म्हणाल, ही बाई नणंद ना, मग भावजयीच्या नावानं बोटं मोडायची सोडून सख्ख्या भावावर काय घसरलीय? अहो, ही हकिकत मी त्याच्याकडून ऐकलीय, तिच्याकडून ऐकलीय, दोघांना समोरासमोर बसवून ऐकलीय, तिन्ही वेळा निराळी ऐकलीय, आणि तिन्ही वेळा घरी जाऊन रडलेय. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

तर माझा भाऊ गाडी चालवायला शिकवतो. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे काय, एक गाडी, तिच्या टपावर एक पाटी आणि आत हा! त्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि याच्या पायाशी दुसरा. नवीन माणूस आला, स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटला, की हा आपला शांतपणे म्हणणार, 'घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे.' दिवसभर तेच! जिभेला इतकं वळण पडलंय की एकदा आमच्या मामी आजारी होत्या, त्यांना बघायला गेला आणि उशाशी बसून म्हणाला, 'घाबरू नका मामी, ब्रेक माझ्याकडे आहे.' मामी तेव्हापासून त्याच्याशी जरा जपूनच बोलतात.

आणि दुसरं वेड म्हणजे गाडी लावायचं. गाडी लावायची तर दोन रेषांच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंना सारखी जागा, चाकं सरळ, आरशात बघून नाही चालत, खाली उतरून, मागे जाऊन, एक डोळा मिटून बघायचं. तिरकी लागली? पुन्हा काढा! लोकांना त्याने रडवलंय त्यापायी. घरात चपला सरळ, टेबलावरचे चमचे सरळ, भिंतीवरचं कॅलेंडर पंख्याने हललं की हा उठून सरळ करणार. आई म्हणते, 'व्यवस्थित आहे गं तो.' व्यवस्थित! असू दे.

आता भावजय. ती पोहायला शिकवते. मोठ्या तलावावर, लहान पोरांना. गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडच्या काठाचं पोर दचकून तरंगायला लागावं! आणि काय सांगते पोरांना? 'पाण्याला भिऊ नकोस, अंग सैल सोड, अंगाला सगळं कळतं, ते आपोआप वर येतं.' दिवस गेले तरी ही पाण्यातच. पोट हे एवढं पुढे आणि ही काठावर उभी राहून शिट्ट्या मारतेय. सगळे म्हणायचे, तुझं काय बाई, तू शिंकशील आणि बाळ बाहेर! तिलाही तसंच वाटायचं हो. सुया नकोत, भूल नको, सगळं आपोआप. श्वासाच्या क्लासला गेली दोघं. तिथे नवऱ्यांना कंबर चोळायला शिकवायचे, हा घरी येऊन गादीच्या लोडावर सराव करायचा. लोडाची कंबर मोकळी झाली असेल, दुसऱ्या कुणाची नाही.

पण एका गोष्टीची तिला भीती होती. कळांची नाही. ती म्हणायची, 'मला एवढंच वाटतं, शेवटच्या क्षणी मी डोळे गच्च मिटीन, आणि बाळ यायचं ते दिसायचंच नाही मला. मी मिटले तर तू उघडे ठेव. दोघांपैकी एकाने तरी बघायचं. पहिल्यांदा जगात येणार आणि बघायला सगळी परकी माणसं, असं नको.' बघा, किती साधं मागणं! दागिना नाही मागितला, बंगला नाही मागितला. आणि हा काय म्हणाला असेल? म्हणा तुम्हीच! 'घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे.' ती म्हणाली, 'ब्रेक राहू दे तुझ्याकडे, डोळे उघडे ठेव.' आणि याने वचन दिलं. हातावर हात ठेवून.

आता तो दिवस. सकाळी याच्या गाडीत शिकायला कोण, तर एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा जन्म पोरांना शिस्त लावण्यात गेला, त्यामुळे गाडीलाही शिस्त. प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करायच्या. 'आरसा. पाहिला. उजवा दिवा. लावला. क्लच. दाबला.' आणि एवढं होईतो सिग्नल पुन्हा लाल! अशात याचा फोन वाजला. भावजय म्हणाली, 'अरे, पाणी गेलं.' आणि माझा भाऊ, माझ्या आईच्या पोटचा हिरा, म्हणतो काय, 'मग टाकीचा कॉक उघड ना, आणि शेजारी विचार, त्यांच्याकडे आहे का!' ती म्हणाली, 'शेजारी काय विचारू, त्यांचं पाणी गेलं का?' हा म्हणतो, 'हो.' मग तिची शिट्टी वाजली... म्हणजे शिट्टी नव्हती हो गळ्यात, पण आवाज तोच! 'नळाचं नाही! माझं!'

झालं. म्हणाला, 'बाई, बाजूला व्हा, मी चालवतो,' आणि उतरायचं सोडून सीटचा पट्टा आणखी घट्ट केला! त्या बाई म्हणाल्या, 'सर, आपण शांत बसा. मी चालवते. तिसरा टाकू का?' हा म्हणाला, 'तिसरा आपला अजून झालेला नाही.' अशी ती वरात निघाली! दुसऱ्या गिअरमध्ये. घरून भावजयीला मागे बसवलं, तिला कळ आली की ती ओरडायची, ती ओरडली की मुख्याध्यापिकाबाई कचकन ब्रेक दाबायच्या, आणि त्याच वेळी हाही आपला ब्रेक दाबायचा, दोन-दोन ब्रेक, गाडी जागच्या जागी उडायची! सायकलवाले पुढे जात होते. एक आजोबा चालत पुढे गेले, भावजय सांगते, काठी टेकत. आणि बाईंचं चालूच, 'आरसा. पाहिला. सूनबाई, श्वास. घेतला?'

पोचले एकदाचे. आता बाईंनी गाडी कशी थांबवली? हॉस्पिटलच्या बाजूच्या फाटकापाशी, आडवी, एक चाक फुटपाथवर, तोंड एकीकडे, शेपूट एकीकडे. किल्ली याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'सर, पार्किंगचा धडा आपला पुढच्या आठवड्यात आहे. शुभेच्छा.' आणि बसने घरी गेल्या. आता त्यांना काय बोलणार? हा बायकोला धरून पायऱ्या चढतोय आणि मान मागे. तिरकी लागलीय. बायको कळवळतेय, याची मान मागे. तिरकी लागलीय!

आणि नशीब बघा. खोली कुठली मिळावी? खिडकी नेमकी त्या फाटकावर! दुसरी कुठलीही खोली मिळाली असती तर आज ही हकिकत नसती. हा कंबर चोळायचा, कळ ओसरली की दोन पावलं खिडकीशी, पुन्हा येऊन चोळायचा. तिने विचारलं, 'काय बघतोस?' म्हणे काही नाही. 'गाडी बघतोयस ना?' आणि मग हळूच, 'चाक फुटपाथवर आहे गं.' तिने उशी फेकून मारली. लागली नाही, नाहीतर मी तिला बक्षीस दिलं असतं.

डॉक्टरीणबाई यायच्या, तपासायच्या आणि म्हणायच्या, 'छान चाललंय. बघू.' सकाळ गेली, बघू. जेवणवेळ गेली, बघू. ती कळा देतेय, घामाने भिजलीय, केस कपाळाला चिकटलेत, बघू! आणि आमचा हिरो काय करतोय? पोहायला शिकवणाऱ्या बाईला सांगतोय, 'अंग सैल सोड, अंग सैल सोड.' तिने मग त्याला जे ऐकवलं ते मी काही इथे सांगत नाही, आमच्या घरात ते शब्द पूर्वी कुणी काढले नव्हते. पण त्यानंतर ती एकदम शांत झाली म्हणे, आणि छताकडे बघून म्हणाली, 'मी पोरांना सांगते ना, अंगाला सगळं कळतं? माझ्या अंगाला काहीच कळत नाहीये रे.' हा म्हणतो, ताई, तिला एवढं हरलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. ब्रेकचं वाक्य तोंडात आलं होतं, ते त्याने गिळलं. तेवढी अक्कल दाखवली.

मग डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, बराच वेळ तपासलं, भुवया जवळ आल्या, आणि म्हणाल्या, 'बाळाचं डोकं जरा तिरकं बसलंय. म्हणून खाली सरकत नाहीये. सरळ होतंय का, बघू.'

तिरकं! अहो, दुसरा शब्द नव्हता का त्या बाईंना? वैद्यकीय काहीतरी नाव असेल की त्याला, लांबलचक, ते सांगायचं! हा म्हणाला, 'मग सरळ करा ना.' त्या म्हणाल्या, 'ते आपल्या हातात नसतं हो. बाळ फिरलं तर फिरलं.' आता ज्या माणसाने आयुष्यभर तिरकं दिसलं की सरळ केलंय, त्याला सांगितलं, हे तुझ्या हातात नाही. नुसता बस. बायको तळमळतेय, बघत बस. तुम्हाला सांगते, मी त्याच्यावर कितीही चिडले ना, तरी या जागी येऊन माझा आवाज जरा खाली येतो.

आणि तेवढ्यात खालून फाटकावरच्या रखवालदाराची आरोळी! 'ती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कुणाची? काय माणसं आहेत! दारात आडवी घालून ठेवलीय, अ‍ॅम्ब्युलन्स काय डोक्यावरून नेऊ? आणि म्हणे ड्रायव्हिंग शिकवतात!' हा खिडकीशी गेला, परत तिच्यापाशी आला, पुन्हा खिडकीशी. आणि तिनेच, हो, तिनेच सांगितलं, 'जा, हलवून ये. कुणीतरी अडकेल बिचारं. पण लगेच ये.' आता ती म्हणते, ताई, मीच जा म्हटलं त्याला. मी नको म्हटलं असतं तर तो गेला नसता. बघा, म्हणजे तिलाही ते लागून राहिलंय! चूक एकाची आणि चुटपुट दोघांना.

बरं, हलवायला गेला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हलवायलाच हवी होती. खाली गेला, गाडी काढली, पलीकडे दोन गाड्यांच्या मध्ये जागा होती, एका झटक्यात आत घातली. तिथे किल्ली काढून वर धावायचं की नाही? कुणीही धावला असता. हा उतरला. मागे गेला. एक डोळा मिटला. मागचं चाक रेषेवर! पुन्हा बसला, पुन्हा काढली, पुन्हा घातली. रखवालदारसुद्धा म्हणाला, 'अहो साहेब, लागली की, जा आता, तुमचं पेशंट आहे ना वर?' याने ऐकलं नाही. पुन्हा उतरला, पुन्हा बघितलं. बायको वर, बाळ अडकलेलं, आणि हा गाडी सरळ करत होता!

आणि तेवढ्याच वेळात वर काय झालं? ते यंत्र लावलेलं असतं ना पोटाला, बाळाच्या ठोक्यांचं, सकाळपासून टकटक टकटक पळत होतं, ते एकदम मंद झालं. टक... टक... भावजय सांगते, ताई, खोलीतले सगळे बोलायचे थांबले. दिवसभर 'बघू, बघू' करणाऱ्या डॉक्टरीणबाई एका वाक्यात म्हणाल्या, 'आता बघायचं नाही. चला. सिझर करावं लागेल, पूर्ण भूल देऊन, आत्ताच्या आत्ता. हो म्हणा.' ही म्हणाली, 'नवरा खाली गेलाय, येऊ दे त्याला.' त्या म्हणाल्या, 'तेवढा वेळ बाळाकडे नाहीये.' मग ही हो म्हणाली. एकटीच. फोन करायचा तर याचा फोन तिच्याच उशीशी! वॉर्डातल्या मावशींनी खिडकीतून हाका मारल्या, 'अहो ड्रायव्हिंग स्कूल! अहो ड्रायव्हिंग स्कूल!' पण गाडीच्या काचा बंद.

त्या मावशींनी तिचा हात धरला म्हणे, ऑपरेशनच्या दारापर्यंत. तिने विचारलं, 'माझा नवरा?' मावशी म्हणाल्या, 'येतील हो बाळा, गाडी लावताहेत.' त्या दाराला एक गोल काच आहे. डॉक्टरीणबाईंनी आधीच कबूल केलं होतं की तशीच वेळ आली तर नवऱ्याने काचेतून बघावं, त्यांची हरकत नाही. ती आडवी पडल्या पडल्या त्या काचेकडे बघत राहिली. काचेत कुणी नाही. आणि तोंडावर मास्क ठेवला तेव्हा... आता हे ऐका... ही बाई डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होती! भूल दिलेली असताना! कारण तिकडे कुणीच नाही तर आपण तरी बघायला हवं. स्वतःलाच सांगत होती, मिटू नकोस, मिटू नकोस. अहो, भुलीपुढे कुणाचं चाललंय? मिटले.

मी हे सांगताना दर वेळी अशीच अडखळते. असू दे.

तर हा वर आला. पलंग रिकामा. चादर अजून ओली, याचा फोन उशीशी. आधी वाटलं, खोली चुकली. मग धावला. दारापाशी पोचला, काचेला नाक लावतोय तोच दार उघडून सिस्टर बाहेर आल्या, हातात गाठोडं. पुसलेलं, गुंडाळलेलं, झोपलेलंसुद्धा! 'मुलगी आहे. दोघी सुखरूप. आपण कोण?' आणि माझा भाऊ काय म्हणाला माहितेय? बाप म्हणाला? नवरा म्हणाला? तो म्हणाला, 'ड्रायव्हिंग स्कूल.' सिस्टरांनी गाठोडं परत छातीशी घेतलं! मग कसंबसं पटवलं त्याने. आणि हातात घेतल्यावर पहिलं काय विचारलं? 'रडली का हो?' त्या म्हणाल्या, 'रडली का? अख्ख्या मजल्याने ऐकलं! तुम्हाला नाही ऐकू आलं?'

ती शुद्धीवर आली, जीभ जड, डोळे धड उघडत नाहीत, आणि पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा नाही. पहिला प्रश्न, 'तू बघितलंस ना?' आणि याने खरं सांगितलं. माझा भाऊ मूर्ख आहे, पण तेव्हा खोटारडा नव्हता. म्हणाला, 'मी गाडी सरळ करत होतो गं.' ती भिंतीकडे तोंड करून पडायला गेली, टाक्यांमुळे तेही धड करता येईना बिचारीला, म्हणून नुसती मान फिरवली.

रागावली असती तर बरं झालं असतं हो! भांडली असती, उशा फेकल्या असत्या, मी मदत केली असती. काही नाही. त्यात आमच्या मामी भेटायला आल्या आणि पलंगाशी बसून म्हणतात, 'बरं झालं सिझर झालं, कळा तरी वाचल्या! आमच्या वेळी नव्हती हो अशी सोपी सोय.' वाचल्या? मामी! अहो, दिवसभर कळा देऊन झाल्या, त्यातली एकसुद्धा कुणी वजा केली नाही, आणि वर पोट फाडलं! धुणं हाताने घासलं, आपटलं, पिळलं आणि मग उचलून मशीनमध्ये घातलं, आणि तुम्ही म्हणता मशीनने किती सोपं झालं! मी बोलले हो. तोंडावर बोलले. भावजय म्हणाली, 'जाऊ द्या ताई, त्यांचं बरोबर आहे. मला जमलंच नाही.' जमलं नाही म्हणे! ज्या बाईने शेकडो पोरं तरंगवली ती बाई म्हणते, जमलं नाही. पुढे काही महिन्यांनी तलावावर जायला लागली परत, पण ते 'अंगाला सगळं कळतं' वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. पोरं म्हणे विचारायची, 'टीचर, मग आता कसं तरंगायचं?'

आणि याने काय करावं? तिचे टाके अजून ओले होते तेव्हाच हॉस्पिटलात परत गेला! आपल्याला दिसलं नाही, निदान ज्याला दिसलं त्याला विचारावं. बाळ आलं तेव्हा कसं आलं, आधी रडलं की आधी बघितलं, मुठी मिटल्या होत्या की उघड्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'सुखरूप झालं ना? मग आता काय?' सिस्टर म्हणाल्या, 'अहो, त्या दिवशी एकामागोमाग एक चालूच होतं, कोण कुणाची ते कसं आठवणार?' मावशी म्हणाल्या, 'मी दारापर्यंतच होते हो, आत कोण सोडतंय आम्हाला?' त्याच मग जाता जाता म्हणाल्या, 'हात लई गार होता तिचा.' एवढंच घेऊन परत आला. आणि तेवढं त्याला मोडायला पुरे झालं.

त्या संध्याकाळी तो मला म्हणाला... माझ्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, नळ चालू होता... म्हणाला, 'ताई, खरं सांगू? गाडी सरळ लागली होती. मग मी उतरलोच नाही. आत बसून राहिलो. इंजिन बंद, आणि पाय ब्रेकवर दाबून धरलेला. मला परत वर जायचंच नव्हतं गं. वर काहीच सरळ होत नव्हतं.' मी नळ बंद केला. म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, जिला सांगायला हवं तिला सांग. घरी जाऊन सांगितलं त्याने. मला वाटलं, आता मात्र ही माहेरी जाते. ती म्हणाली, 'मग मला का नाही नेलंस? मलाही तिथे थांबायचं नव्हतं. मीही आले असते खाली.' आणि हसायला लागली! टाक्यांवर उशी दाबून, डोळ्यांतून पाणी, हसतेय आणि रडतेय, आणि हा तिच्या पायाशी बसून तेच करतोय. मिटलं म्हणाल? मिटलं नाही. असल्या गोष्टी मिटत नाहीत हो, घरात जुन्या कपाटासारख्या राहतात, आपण वळसा घालून जायला शिकतो.

आता पोर मोठी झाली. शाळेत जाते. आवाज आईचा, आणि चपला बापासारख्या सरळ लावते, देवा! परवा माझ्याकडे जेवायला होती सगळी. आई पण होती. तर पोरीचं आपलं चालू, 'मी आले तेव्हा काय झालं, सांग ना.' सगळ्या पोरांना आवडतं ते ऐकायला. याचा घास हातातच. पोर म्हणाली, 'आई तर झोपली होती. मग बाबा, तू कुठे होतास?'

मी याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं त्याने. मला वाटलं, आता सांगणार, आणि या पोरीच्या डोक्यात ते आयुष्यभर राहणार. आणि भावजय काय म्हणाली? ताटातून मान वर न करता म्हणाली, 'तो कुठे जाणार? दाराच्या काचेला नाक लावून उभा होता. मी पाहिलं ना.' भूल दिलेली बाई! म्हणते, मी पाहिलं! पोर म्हणाली, 'मग मी काय केलं?' आणि हा, माझा खोटं न बोलणारा भाऊ, डोळे भरलेले, म्हणतो कसा, 'तू आधी रडलीच नाहीस. आधी डोळे उघडलेस, सगळीकडे नीट बघितलंस, आणि मग जी रडलीस, अख्ख्या मजल्याने ऐकलं.' भावजय म्हणाली, 'आणि मुठी?' हा म्हणाला, 'मिटलेल्या. दोन्ही.' ती म्हणाली, 'आणखी सांग.' सांगत सुटला हो तो! आणि ती ऐकतेय, पोरीपेक्षा जास्त ती ऐकतेय.

एवढ्यात आमच्या आईसाहेब, ज्या त्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून घरी झोपल्या होत्या, त्या म्हणतात, 'मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाक अगदी माझ्यासारखं दिसलं.' पोर माझ्याकडे वळली, 'आणि आत्या, तू?' आता नवरा, बायको आणि सासू असं एकमताने खोटं बोलत असताना नणंदेनं काय करायचं, सांगा मला? म्हटलं, 'मी तुझ्या बाबाच्या मागेच होते गं, टाचा वर करून. त्याच्या डोक्यामुळे मला जरा कमी दिसलं.'

काय करता! त्या दिवशी ज्या खोलीत आमच्यापैकी बघायला एक माणूस नव्हतं, तिथे आता पाय ठेवायला जागा नाही.